कोपराच्या मापाच्या खिडक्या

मी गवंडी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मिस्तरीनं लेखकाचा आव आणला. बोलतो मी अहिराणी. ही शाळेतली मराठी माझ्या हाताला चाळिशी उलटल्यावर लागली, आणि ती कशी लागली हेच मला सांगायचं आहे.

आमचं तालुक्याचं गाव म्हसावदहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मागे सातपुडा, पुढे तापी, मधे काळी जमीन आणि जमिनीत कापूस. कापूस आला की सरकी काढायची जिन आली, जिन आली की गोदाम आलं. माझ्या बापानं गोदामं बांधली, मीही गोदामंच बांधली. गोदामाची रीत सरळ असते. भिंत जाड हवी, दार एकच हवं, आणि हवेला झरोके हवेत ते पार वर, छताखाली. चोराचा हात आत जाता कामा नये, बिडीची ठिणगी आत जाता कामा नये. माझ्या एकाही गोदामाला कधी आग लागली नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन बघावं.

गावात वाचनालय इमारतीच्या आधीपासून होतं, पण ते पेटीत होतं. आमच्या शाळेतून सेवानिवृत्त झालेले एक मास्तर होते. त्यांच्या घरात एक पत्र्याची पेटी, पेटीत पुस्तकं. दर रविवारी सकाळी ते पेटी ओट्यावर आणून ठेवायचे आणि चार माणसं भोवती बसून वाचायची. पुढे पेटीची कपाटं झाली. मग एका कपाटाला उधई, म्हणजे वाळवी, लागली आणि अर्धी पुस्तकं मातीत गेली. मास्तर त्या दिवशी घरातलं माणूस गेल्यासारखे जेवले नाहीत. तेव्हा गावानं ठरवलं, की आता वाचनालयाला स्वतःची इमारत पाहिजे.

जागा दिली गावातल्या कापसाच्या शेठनं, स्वतःच्या जिनला लागून. दगड दिला साऱ्या शिवारानं. ज्याच्या दारी बैलजोडी, त्यानं एक गाडी काळा दगड आणून टाकायचा, असा ठराव झाला. साग आला सातपुड्यातून, तळोद्याच्या बाजारातून. त्या लाकडांबरोबर मोलगीकडचा एक म्हातारा पावरा आदिवासी सुतार आला आणि काम संपेपर्यंत राहिला. तो बोलायचा कमी. तुळईवर बोटाची गाठ वाजवून तिच्या पोटात काय आहे ते सांगायचा, आणि त्याचं कधी चुकलं नाही.

आणि बांधायला मी.

आता माझी अक्कल ऐका. मला अक्षराचा गंध नव्हता. पुस्तक म्हणजे काय, तर माल. मालाला काय लागतं? कोरडी जागा, बंद भिंत. त्यात उधईची धास्ती. मी पाया पुरुषभर खोल घेतला, चुन्यात दगड बसवला, भिंत चांगली दीड हात जाड उचलली आणि झरोके ठेवले थेट छताखाली, एकेक हातभर. पुढे ओटा केला, पाच पायऱ्या केल्या, दाराला कमान दिली. कमानीचा दगड असा घडवला की सांध्यात सुई जाऊ नये. मास्तर रोज येऊन बघायचे, मान डोलवायचे. खिडक्यांचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना वाटलं असणार, खिडक्या तर असतातच, त्या काय सांगायच्या!

पाडव्याच्या सुमारास कौलं चढली. मास्तर भर दुपारी मोटारीनं आलेलं ताजं वर्तमानपत्र घेऊन आले आणि म्हणाले, आज पहिल्यांदा आत बसून वाचतो. मध्यभागी पोतं टाकून बसले. मग उठून भिंतीला बसले. मग दुसऱ्या भिंतीला. मी दारात कौतुकानं उभा. शेवटी ते उठले, बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि चष्मा पुसत म्हणाले,

"मिस्तरी, मन्हा डोया गयात, का तुन्हा उजेड गया?"

ओट्यावर बसलेली माणसं खो खो हसली. एक जण म्हणाला, "काय भो, हाई वाचनालय शे का कापूसनं गोदाम?" झालं! दोन दिवसांत पाणवठ्यावरच्या बायासुद्धा त्या इमारतीला गोदाम-वाचनालय म्हणू लागल्या. माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही शेंदूर फासून चार माणसांत उभा केलेला.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. आत फिरले, भिंतीवर थाप मारली, वर झरोके बघितले. सगळे हसत होते, तिथं हा एकटा माणूस खूश! "मिस्तरी," ते म्हणाले, "काम एक नंबर शे. ठिणगी आत जाव नही." आणि संध्याकाळी पंचांपुढे त्यांनी गोड आवाजात सुचवलं, की झालं ते झालं, ही इमारत कापसाला वापरू, पुस्तकं शाळेच्या पडवीत ठेवू. आवळा देऊन कोहळा काढायची ही तऱ्हा! पण जागा त्यांची, आणि इमारत तर मीच त्यांच्या सोयीची बांधून ठेवलेली. पंच खाली बघू लागले. मास्तरांचा चेहरा मला बघवेना.

मी उठून उभा राहिलो. पंचांपुढे बोलायची माझी ही पहिली वेळ. म्हणालो, "आखाजीपर्यंत मुदत द्या. आखाजीच्या दुपारी या खोलीत शेठ बोट दाखवतील त्या कोपऱ्यात माणूस बसून वाचेल. नाही वाचता आलं, तर खुशाल कापूस भरा, आणि मी पुन्हा थापी धरणार नाही." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पाडव्यापासून एका महिन्यावर. शेठ हसले, "चालेल." त्यांना ठाऊक होतं, की दीड हाताच्या भिंतीला, वर तुळया आणि कौलं असताना भोकं पाडणं म्हणजे उभ्या माणसाचं हाड काढणं आहे.

घरी बायकोनं माझी पूजा बांधली. "जीभ शे का चाबूक? थापी सोडशी, मंग खाशी काय, दगड?" तिचं खरंच होतं.

आता खरी अडचण सांगतो. भिंत फोडायची हिंमत माझ्यात होती. पण खिडकी कुठं पाडायची, किती उंचावर, किती रुंद, हे कोण सांगणार? मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "उजेड येईल इतक्या कर." वा! हे म्हणजे बाईला चवीपुरतं मीठ सांगण्यासारखं. जिनं कधी तो पदार्थ खाल्लाच नाही तिनं काय करावं? मी आयुष्यात पुस्तक हातात धरून बसलो नव्हतो. वाचणाऱ्याचं अंग कसं बसतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

म्हणून मी वाचणारी माणसं बघत हिंडू लागलो. सकाळी मास्तरांच्या ओट्यासमोर उकिडवा बसायचो. दुपारी एक म्हातारी पोथी वाचायची, तिच्या दारासमोर बसायचो. हातात दोरी, दोरीला मापाच्या गाठी. म्हातारी एक दिवस कावली. "काय रे मुडद्या, रोज टक लायी बठस! चोरी करानी शे का?" मी म्हटलं, "नही माय, तू वाच." पण त्या चार दिवसांत मला एक गोष्ट कळली. कोणीही उजेडाकडे तोंड करून वाचत नाही. सगळे उजेड डाव्या खांद्यावर घेतात. आणि सगळे जमिनीवर बसतात. माझे झरोके दोन पुरुष उंचीवर, आणि वाचणारा जमिनीवर! विहीर वर आणि बादली खाली, असला माझा कारभार.

त्याच आठवड्यात माझी लेक सासरहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी, सातवा महिना लागलेला. ती मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. मी नको म्हणत होतो, तिची आई हट्टानं धाडायची. आता लेकीला दिवसभर काम नव्हतं आणि मला वाचणारं माणूस हवं होतं. मी तिला म्हटलं, "चाल मन्हासंगे. बठ, अन् वाच. बाकी काही नही."

बायको उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "वास्तुशांत व्हयेल नही, अन् पोटुशी पोर तठे लई जास? अक्कल गहाण ठी ऊना का?" लेक हसली आणि आईच्या हाताखालून वाकून बाहेर पडली.

ती आत चटई टाकून बसली. पोट जड, पाठ दुखायची. बसल्याबसल्या ती डाव्या अंगाला कलायची आणि कोपर टेकायला काहीतरी शोधायची. मी एक दगड सरकवून दिला. नको, उंच झाला. दुसरा दिला. बुटका. तिसरा दिला आणि तिनं कोपर टेकून सुस्कारा टाकला. "आबा, आस्सं!" मी जमिनीपासून मोजलं. एक वीत आणि चार बोटं. तीच माझी खिडकीची खालची रेघ. मी भिंतीवर गेरूनं ओढून टाकली.

खिडकीची रुंदीही तिनंच ठरवली. तिला दाराच्या आत बसवून मी उघड्या दारात दोन फळ्या उभ्या धरायचो, जवळ आणायचो, लांब न्यायचो, आणि ती सांगायची, आता पान उजळलं, आता अर्धं पान अंधारलं. मी फळ्यांमध्ये गज म्हणून काठ्या उभ्या केल्या, तर ती म्हणाली, "सावली ओळवर पडस. ओळ तुटस." मग गज नाहीत. मास्तर दचकले. "गज नही? इतली खाले खिडकी? गाय आत येई!" मी म्हटलं, "येऊ द्या, तीही वाचेल."

मग फोडायला सुरुवात केली. दीड हाताची भिंत एकदम उघडता येत नाही. दोन्ही बाजूंनी सागाचे टेकू लावायचे, वरचं वजन त्यांच्यावर घ्यायचं. मग भिंतीची बाहेरची अर्धी जाडी कोरायची, माथ्यावर आडवं लाकूड सरकवायचं, पाचरी मारायच्या, चुना मुरू द्यायचा. तो मुरला की आतली अर्धी. हे सगळं सहा वेळा, कारण खिडक्या सहा. दगड मीच बसवलेले, चुना मीच मळलेला, आणि काय सांगू, माझंच काम मला निघेना! छिन्नीची टोकं बोथट व्हायची. मी माझ्याच हाताला शिव्या घातल्या, आणि आतून बरंही वाटत होतं.

तिसऱ्या खिडकीला वरून धूळ पडली. मी हात उचललेला. पावरा सुतारानं टेकूला कान लावला आणि नुसता तळहात दाखवला. थांब. सगळे जागच्या जागी थिजले. लेक आत बसलेली होती, तिला उठवायलाही माझं तोंड उघडेना. म्हाताऱ्यानं एक पाचर घेतली, टेकूच्या पायाशी ठेवली आणि हळूहळू ठोकली, चार ठोके. पुन्हा कान लावला. मग म्हणाला, "आते सुखी शे." मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो आणि रडलो. लाज कसली? वर कौलं, खाली पोर आणि पोरीच्या पोटात पोर.

आखाजीच्या आदल्या दिवशी सहावी खिडकी उघडली. टेकू काढले. केसाएवढा तडा नाही.

आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या दुपारी मात्र अर्धं गाव वाचनालयाच्या ओट्यावर होतं. बाहेर असं ऊन, की पायरीवर पाय ठरत नव्हता. शेठ आत शिरले आणि क्षणभर दारातच थांबले. आत गारवा होता. ती जाड भिंत, जिच्यावरून गाव हसलं होतं, तिनं ऊन बाहेरच अडवलं होतं, आणि खालच्या खिडक्यांतून उजेड फरशीवर पसरला होता. भिंतीच्या जाडीत खिडकीचा तळ एवढा खोल झाला होता, की त्याच्यावर माणूस मांडी घालून बसेल.

पण शेठ कच्चे नव्हते. त्यांनी चहूकडे बघितलं आणि दाराच्या बाजूच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, खिडकीपासून सगळ्यात लांबच्या. मास्तर पुढे झाले. शेठ म्हणाले, "तुम्ही नही, मास्तर. तुमले सगळं पाठ ऱ्हास. ज्याले पाठ नही तो वाचो. अन् आजनं वर्तमानपत्र वाचो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. लेक बाहेर ओट्यावर बायांत उभी होती. मी दारातून हाक मारली. पुरुषांच्या बैठकीत बाईमाणूस, तेही आठव्या महिन्यातलं! कोणीतरी घसा खाकरला. मी त्याच्याकडे असं बघितलं, की खोकला पुन्हा आत गेला. लेक आली, डोक्यावरचा पदर सारखा केला, कोपऱ्यात बसली, कागद उघडला, खिडकी डाव्या खांद्यावर येईल अशी जरा वळली.

तिनं वाचायला सुरुवात केली. कुठं पूर, कुठं सभा. मग म्हणाली, "मुंबईचा कापूस बाजार."

शेठचे कान टवकारले. बाजार चढला होता की उतरला होता, ते मला आता आठवत नाही. मला आठवतात ते शेठ. ते एक पाऊल पुढे आले. मग अजून एक. मग जवळच्या खिडकीत टेकले, मांडी घातली, हात कानामागे धरला आणि म्हणाले, "पुढे वाच बेटा, पुढे वाच! भडोचना कापूसनं काय लिखेल शे?" ती वाचत गेली आणि ते मान डोलवत गेले. सगळ्यांना दिसत होतं, एकट्या शेठना सोडून.

शेवटी मास्तर अगदी हळू म्हणाले, "शेठ, कोठे बठनात? गोदामात का वाचनालयात?"

शेठनी खाली बघितलं, खिडकी बघितली, आपली मांडी बघितली. आणि मग तो माणूस असा हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. हसला म्हणून मी त्याला त्या दिवसापासून मानतो. "हारनू भो," ते म्हणाले, "हारनू." ओट्यावर बायांनी झोक्याचं गाणं तिथंच सुरू केलं. मास्तरांनी मला मिठी मारली. माझ्या अंगाचा चुना त्यांच्या काळ्या कोटाला लागला आणि त्यांनी तो झटकला नाही.

लेकीला मुलगी झाली. दोन महिने ती घरी होती, आणि त्या दोन महिन्यांत संध्याकाळी तिसऱ्या खिडकीत बसून तिनं मला अक्षरं शिकवली, मांडीवर बाळ आणि समोर बाप. मी दगड लवकर घडवतो, अक्षर फार उशिरा घडलं. मी स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य दंतमंजनाच्या जाहिरातीचं होतं. त्या वेळी माझ्या तोंडात अर्धेच दात होते. खिडक्या बाईच्या कोपराच्या मापाच्या निघाल्या म्हणून पुरुष कुरकुरत, वाकावं लागतं म्हणत. बाया कुरकुरल्या नाहीत. त्या आधी पोथीपुरत्या आल्या, मग बाकी सगळं वाचायलाही आल्या.

पुढे दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं आली. धान्याची टंचाई झाली, आणि धान्य साठवायला सरकार गावोगाव इमारती बघू लागलं. आमच्याकडे एक अंमलदार आला, बरोबर कारकून. पक्की दगडी इमारत, सागाच्या तुळया, शिवाय जिनला लागून. गावात कुजबुज झाली, की आता हिच्यावर सरकारचं बोट पडलं. मास्तर तेव्हा फार थकलेले. ते काठी टेकत आले आणि दारात उभे राहिले. सरकारपुढे ना ठराव चालतो ना पैज. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो.

अंमलदार आत आला. भिंतीवर थाप मारली, खूश झाला. मग एका खिडकीपाशी गेला. एक पाय उचलला, सहज बाहेर ओट्यावर टाकला, आणि दुसरा पाय काढून बाहेर उभा राहिला. पुन्हा तसाच आत आला. सहाही खिडक्या बघितल्या. मला विचारलं, "गज नाहीत?" मी म्हटलं, "सावली पडते, साहेब. ओळ तुटते." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कारकुनाला काहीतरी सांगितलं. कारकुनानं लिहिलं, एक प्रत पंचांना दिली आणि ते दोघं निघून गेले.

पंचांनी कागद मास्तरांना दिला, पण त्यांना आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांनी कागद चाचपला आणि माझ्या हातात दिला. मी तिसऱ्या खिडकीत जाऊन बसलो, उजेड डाव्या खांद्यावर घेतला, एकेका अक्षरावर बोट ठेवलं आणि अख्ख्या ओट्याला ऐकू जाईल असं वाचलं: सदर इमारत गोदाम म्हणून पूर्णपणे निरुपयोगी आहे.

"पुन्हा वाच," मास्तर म्हणाले. मी पुन्हा वाचलं.